बिटकॉइनचे व्यवहार थेट बघणारं घरचं साधन: प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

जुलैत माझ्या भाच्यानं परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला वेबसाइट करून दिली. पैसे बिटकॉइनमध्ये ठरले होते. गिऱ्हाइकानं व्यवहाराचा क्रमांक पाठवला, भाच्यानं तो एका संकेतस्थळावर टाकून बघितला. रक्कम बरोबर, पत्ता त्याचाच. त्यानं फाइली देऊन टाकल्या. तासाभरानं तोच क्रमांक पुन्हा टाकला तर असा व्यवहारच नाही. पैसे आले नाहीत, गिऱ्हाईकही परत बोललं नाही. "मावशी, मी स्वतः बघितलं होतं गं," एवढंच तो म्हणत राहिला.

काय झालं असावं ते मला ठाऊक होतं, पण त्याला तोंडी समजावून पटेना. म्हणून साधन करायला घेतलंय. व्यवहार पहिल्यांदा कधी दिसला, फी किती, आणि पुढे त्याचं काय झालं, एवढंच त्यानं सांगायचं. वॉलेट नाही, खरेदी-विक्री नाही. कुणाला असंच काही करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचाव्यात म्हणून तारखांसह लिहून ठेवते.

आज रात्री एका सार्वजनिक संकेतस्थळाच्या वेबसॉकेटला (माहिती सतत पाठवत राहणारी वाट) पायथनमधून जोडणी केली. चाळीसेक ओळी, दीड तास. पडद्यावर व्यवहार धो-धो यायला लागले.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी उठून बघते तर पडदा पहाटे तीनपासून थिजलेला. चूक दाखवणारी एक ओळ नाही. समोरच्यानं जोडणी सोडली होती आणि माझा प्रोग्रॅम मुकाट्यानं वाट बघत बसला होता. दर तीस सेकंदांनी पिंग ('आहेस का?' असा संदेश) आणि उत्तर न आल्यास पुन्हा जोडणी, असं घातलं. पुन्हा जोडल्यावर कळलं की मधल्या वेळातले व्यवहार परत मिळत नाहीत. शिवाय तासाला अमुक इतक्याच विनंत्या ही मर्यादा आहेच.

मुख्य अडचण मात्र वेगळी. दुसऱ्याच्या पडद्यावर विसंबून भाच्याचं नुकसान झालं, आणि मी त्याला पुन्हा दुसऱ्याचाच पडदा देत होते. आपला नोड हवा, म्हणजे बिटकॉइनच्या जाळ्यात थेट सामील होऊन सगळं स्वतः तपासणारं मशीन.

४ ते ९ ऑगस्ट

सहा दिवस वाया. घरात जुना आय-फाइव्ह डेस्कटॉप पडून होता, रॅम ८ जीबी. त्यात जुनीच फिरत्या तबकडीची १ टीबी हार्ड डिस्क. बिटकॉइन कोअर २९.० (नोड चालवणारा प्रोग्रॅम) टाकलं आणि सोडून दिलं. पहिले दोन दिवस छान पळालं, कारण २००९ ते २०१२ पर्यंतचे ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे, ज्यांची मिळून साखळी होते) जवळपास रिकामेच आहेत. त्यावरून मी घरात सांगूनही टाकलं की रविवारपर्यंत होईल. पुढे २०१६च्या आसपास गाडी रुतली.

कारण असं. प्रत्येक व्यवहार तपासताना नोडला 'अजून खर्च न झालेल्या नाण्यांच्या' यादीत शोध घ्यावा लागतो. ही यादी दहा-बारा जीबीची आहे आणि शोध एकदा इथे, एकदा तिथे असा विखुरलेला. फिरत्या तबकडीचं डोकं त्यातच दमतं. डिस्कचा दिवा अखंड पेटलेला, प्रोसेसर मात्र निवांत बसलेला. हे दिसलं तेव्हाच थांबायला हवं होतं. "एवढं झालंय, थोडंच राहिलंय" म्हणत आणखी तीन दिवस घालवले.

राखीपौर्णिमेला बहीण-भाचा घरी आले होते. भाच्यानं विचारलं, "झालं का?" नाही म्हणावं लागलं.

१० ऑगस्ट, रविवार

१ टीबीची एसएसडी आणली, ५,२०० रुपये. सगळं पहिल्यापासून.

आधी २ टीबीची घेणार होते. माझी समजूत अशी की येणारे पैसे कुठून आले ते बघायचं तर जुने सगळे व्यवहार आणि त्यांची अनुक्रमणिका जपावीच लागणार. दुकानात उभी असताना कागदावर मांडून बघितलं. अजून ब्लॉकमध्ये न गेलेला व्यवहार ज्या नाण्यांवर उभा असतो ती नाणी एकतर न-खर्चलेल्यांच्या यादीत असतात, नाहीतर मेमपूलमध्येच, म्हणजे ब्लॉकमध्ये जायची वाट बघणाऱ्या व्यवहारांच्या साठ्यात. जुने ब्लॉक लागतच नाहीत. म्हणजे छाटलेला (जुने ब्लॉक टाकून देणारा) नोड चालतो. प्रून (ब्लॉक किती ठेवायचे ती मर्यादा) २०,००० एमबीवर ठेवलं. डीबीकॅश (हिशेबासाठी वापरायची रॅम) या आवृत्तीत मुळात ४५० एमबी होतं, ते ४,००० केलं.

छाटलेला असला तरी पहिल्यांदा सगळी साखळी उतरवून तपासावीच लागते, सहाशे जीबीच्या वर. आपल्या ब्रॉडबँडची महिन्याची मर्यादा आधी बघून घ्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

रात्री पावसात लाईट गेली. परत आल्यावर नोड चालू केला तर बरंच काम मागे गेलेलं. डीबीकॅश मोठं ठेवलं की पुष्कळसा हिशेब रॅममध्येच राहतो, तो डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली की तेवढं पुन्हा तपासावं लागतं. नशीब की डेटाबेस फाटला नाही. छाटलेल्या नोडचा डेटाबेस बिघडला तर पुन्हा बांधणी म्हणजे पुन्हा सगळं डाउनलोड.

लगेच दुसऱ्या दिवशी यूपीएस घेतला, ३,१०० रुपये. दहा तारखेलाच एसएसडीबरोबर घ्यायला हवा होता. साखळी पूर्ण झाल्यावर डीबीकॅश परत ४५०वर आणलं, एवढी रॅम अडवून ठेवायचं आता कारण नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून आले, तेव्हा साखळी पूर्ण झाली होती. मेमपूल भरायला सुरुवात.

१७ ऑगस्ट, रविवार

नोडकडून व्यवहार थेट मिळवायला झेडएमक्यू (आपोआप संदेश पाठवण्याची सोय) चालू केलं. प्रत्येक नवा व्यवहार कच्च्या बाइटच्या रूपात येतो. त्याचा क्रमांक मी स्वतः काढला, म्हणजे एसएचए-२५६ (बाइटवरून ठरावीक लांबीचा आकडा, म्हणजे हॅश, काढायची पद्धत) दोनदा. जो आकडा आला तो नोडला माहीतच नाही.

पहिलं कारण अर्ध्या तासात सापडलं. बाइटचा क्रम उलटा करून छापायचा असतो. उलटा केला, तरी दहातले एक-दोनच क्रमांक जुळले. यात चार तास गेले. शेवटी जुळलेले आणि न जुळलेले दोन वेगळ्या कागदांवर लिहून काढले तेव्हा लक्षात आलं. जुळणारे सगळे जुन्या पद्धतीचे होते, ज्यांचे पत्ते १ ने सुरू होतात. बीसी१ वाल्या पत्त्यांवरून खर्च झालेला एकही जुळत नव्हता.

ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइनच्या नियमांत सेगविट नावाचा बदल आला, तेव्हापासून त्या पद्धतीच्या व्यवहारांत सह्या व्यवहाराच्या वेगळ्या भागात जातात आणि क्रमांक काढताना तो भाग वगळायचा असतो. मी सह्यांसकट सगळ्याचा हॅश घेत होते. तोही एक खरा हॅशच आहे, पण लोक जो क्रमांक एकमेकांना देतात तो नव्हे. स्वतः सोलत बसण्यापेक्षा कच्चा व्यवहार नोडलाच उलगडायला दिला, क्रमांक तयार मिळाला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस थांबेना, ऑफिसातून लवकर सोडलं. दोन चुका दुरुस्त केल्या.

एक, सातोशीत एका सातोशीचा फरक पडत होता. १ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी. नोड रक्कम दशांशात देतो, मी तिला १० कोटींनी गुणून पूर्णांक घेत होते. ०.२९ बिटकॉइनचे पायथनमध्ये असे केले तर २,८९,९९,९९९ येतात, २,९०,००,००० नाही. पैशांसाठी फ्लोट (अंदाजे साठवलेला दशांश) वापरायचा नाही, हे मी स्वतः दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. डेसिमल (नेमका दशांश) लावलं.

दुसरी चूक जास्त गंभीर. 'मोठा व्यवहार' दिसला की घंटा वाजावी असं ठेवलं होतं, १०० बिटकॉइनच्या वर. रात्रीत इतक्यांदा वाजली की आईनं उठून प्लग काढला. मी सगळ्या बाहेर जाणाऱ्या रकमांची बेरीज करत होते. बिटकॉइनमध्ये नाणं मोडता येत नाही, पूर्ण खर्चावं लागतं आणि उरलेले स्वतःकडे परत घ्यावे लागतात. एका व्यवहारात ४१२ बिटकॉइन आत गेले होते, त्यातले ०.३५ कुणाला तरी दिले होते आणि बाकीचे जिथून आले त्याच पत्त्यावर परत. माझ्या पडद्यानं मात्र लिहिलं: ४१२ बिटकॉइन पाठवले. पाचशेची नोट देऊन दहाचं दूध घेतलं आणि वहीत पाचशेचा खर्च मांडला, तसं हे.

२० ऑगस्ट, बुधवार

सुट्टे कसे ओळखायचे? आत आलेल्या नाण्यांचे पत्ते माहीत हवेत. व्यवहारात ते लिहिलेले नसतात, फक्त 'अमक्या व्यवहाराचा अमका भाग' असा निर्देश असतो. त्यासाठी नोडची गेटटीएक्सआउट ही आज्ञा वापरली. सुरुवातीला प्रत्येक वेळी रिकामं उत्तर. ती आज्ञा नेहमीसारखी दिली तर मेमपूलही धरते, आणि मेमपूलच्या दृष्टीनं ते नाणं खर्च झालेलंच आहे, मी ज्याची चौकशी करतेय त्याच व्यवहारानं! मेमपूल वगळून विचारलं की मिळतं. ज्याचा बाप-व्यवहारच अजून मेमपूलमध्ये आहे, त्याच्यासाठी थेट तो व्यवहार मागवायचा. फीसाठी मेमपूलची नोंद मागितली की फी आणि आकारमान दोन्ही येतात. भागाकार केला की दर बाइटला किती सातोशी ते कळतं.

आत आलेल्या पत्त्यावरच रक्कम परत गेली तर पडद्यावर 'सुट्टे' लिहिते. पण बहुतेक वॉलेट सुट्ट्यांसाठी दरवेळी नवा पत्ता वापरतात. तिथे आकड्याच्या गोलाईवरून, पत्त्याच्या प्रकारावरून अंदाज करता येतो. मी तो कोड लिहिला आणि काढून टाकला. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' असंच लिहायचं. घंटा कायमची बंद केली.

२३ ऑगस्ट, शनिवार

हा दिवस सगळ्यात जास्त शिकवून गेला.

दुपारी सहज ताडून बघितलं. माझ्या नोंदवहीतले व्यवहार आणि नोडच्या मेमपूलमधले व्यवहार, दोन्हींचे आकडे जुळेनात. शेकडो गायब. प्रोग्रॅम पडलेला नाही, चूक दाखवलेली नाही. झेडएमक्यूच्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी चार बाइटचा अनुक्रमांक असतो, तो मी वाचतच नव्हते. तो छापायला लावला आणि पडद्यासमोर बसून राहिले. ५१,२०० नंतर ५१,२०१, ५१,२०२, सगळं ओळीनं. वीस मिनिटं काही नाही. मग नवा ब्लॉक आला आणि आकड्यानं एकदम दीड हजारांची उडी मारली.

व्यवहार मेमपूलमध्ये आला की नोड त्याचा संदेश पाठवतो, हे मला माहीत होतं. तोच व्यवहार ब्लॉकमध्ये गेला की पुन्हा एकदा पाठवतो, हे माहीत नव्हतं. म्हणजे ब्लॉक आला की दोन-तीन हजार संदेश एका दमात. रांगेची मर्यादा मुळात १,००० ची असते आणि माझा प्रोग्रॅम प्रत्येक संदेशासाठी नोडला पाच-सहा प्रश्न विचारत बसलेला. रांग भरली की झेडएमक्यू जास्तीचे संदेश टाकून देतं. कुणालाही न सांगता.

आधी दोन्ही टोकांची मर्यादा वाढवली. पायथनच्या बाजूची जोडणी करण्याआधी लावायची असते, नंतर लावलेली लागू होत नाही; त्यातही अर्धा तास गेला. उड्या थांबल्या, पण प्रोग्रॅम मागे पडायला लागला, दोन-दोन मिनिटं उशिरा दाखवायचा. आणि तेवढ्या उशिरात व्यवहार ब्लॉकमध्ये गेला की आधीची नाणी यादीतून गेलेली, पत्ते मिळेनात.

२४ ऑगस्ट, रविवार

रचना बदलली. कच्चे व्यवहार घेणं बंद. नोडचा 'सीक्वेन्स' नावाचा दुसरा प्रवाह घेतला. त्यात फक्त क्रमांक आणि एक अक्षर येतं: ए म्हणजे मेमपूलमध्ये आला, आर म्हणजे मेमपूलमधून काढला, सी म्हणजे ब्लॉक जोडला, डी म्हणजे ब्लॉक सुटला. ब्लॉकमधल्या व्यवहारांचा पूर येत नाही. सी आलं की त्या ब्लॉकची यादी मी एकदाच मागवते.

ऐकणारा एक धागा (प्रोग्रॅमचा स्वतंत्र चालणारा भाग), तो काही विचारत नाही, फक्त रांगेत टाकतो. विचारणारा दुसरा, तो एका विनंतीत शंभर प्रश्न एकत्र पाठवतो. अनुक्रमांकात उडी दिसली तर पडद्यावर लाल पट्टी, आणि अख्खा मेमपूल नोडकडून पुन्हा मागवायचा. आठ तास चालवलं, उडी नाही.

हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर सतरा तारखेचा क्रमांकांचा घोळही झाला नसता, कारण या प्रवाहात क्रमांक तयार येतो. कच्च्या व्यवहारांची उदाहरणं जास्त सापडतात म्हणून मी त्या वाटेनं गेले.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. काम बंद. नोड चालू आहे, आरतीच्या वेळी त्याच्या पंख्याचा आवाज येतो म्हणून मामा विचारत होते हे काय आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

प्रत्येक ब्लॉक आला की त्यातले किती व्यवहार मी आधी बघितले होते ते मोजायला लावलं. अपेक्षा अशी की जवळपास सगळे. एक तर कधीच दिसणार नाही, कारण ब्लॉकमधला पहिला व्यवहार खाणवाल्याचं (नवा ब्लॉक बनवणाऱ्याचं) बक्षीस असतं, तो मेमपूलमध्ये येतच नाही. पण इथे ब्लॉकमागून ब्लॉक कितीतरी व्यवहार 'पहिल्यांदाच दिसला' असे येत होते.

पुन्हा संदेश गळतायत असं वाटून दिवसभर रांगा तपासल्या. गळत नव्हते. मग त्या न दिसलेल्यांची फी काढली. बहुतेक सगळ्यांची दर बाइटला एका सातोशीपेक्षा कमी.

बिटकॉइन कोअर २९.० मुळात दर बाइटला एका सातोशीखालच्या फीचे व्यवहार स्वीकारत नाही, आणि तसं शेजारच्या नोडना कळवतंही, म्हणून ते पाठवतच नाहीत. अलीकडे खाणवाले मात्र कमी फीचेही घेऊ लागलेत. माझ्या बाजूची किमान फी एक दशांश सातोशीवर आणली. त्या सेटिंगमध्ये आकडा हजार बाइटला बिटकॉइनमध्ये द्यायचा असतो, म्हणजे ०.०००००१. शून्यं मोजून लिहा, मी पहिल्यांदा एक शून्य कमी लिहिलं आणि काहीच बदललं नाही. दुरुस्त केल्यावर न दिसलेले बरेच कमी झाले. शून्य होणार नाहीत, कारण शेजारचे नोड जे पुढे पाठवतात तेवढंच आपल्याला मिळतं, आणि काही व्यवहार थेट खाणवाल्यांकडे जातात.

म्हणून पडद्यावरचं शीर्षक बदललं. आधी 'नेटवर्कमधले सर्व व्यवहार' होतं. आता 'या नोडला दिसलेले व्यवहार' आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी-विसर्जन झालं, पाहुणे गेले, मूळ कामाला हात घातला: बदललेले व्यवहार.

ब्लॉकमध्ये न गेलेला व्यवहार पाठवणारा बदलू शकतो. तेच नाणं जास्त फी देऊन दुसरीकडे पाठवायचं, नोड जुना टाकून नवा ठेवतात. फी कमी पडून अडकलेला व्यवहार सोडवायला ही सोय उपयोगी आहे, लोक ती रोज वापरतात. पूर्वी व्यवहारावर 'मी बदलता येण्याजोगा आहे' अशी खूण असायची, ती वाचून मी खूण नसलेल्यांपुढे हिरवी बरोबरची खूण दाखवत होते. हे धोक्याचं होतं. बिटकॉइन कोअर २८.० पासून खूण असो-नसो, जास्त फी दिली की बदल स्वीकारला जातो. माझ्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून कुणी काम देऊन टाकलं असतं तर भाच्याचंच पुन्हा झालं असतं. ती खूण त्याच रात्री काढली. आता ब्लॉकमध्ये जाईपर्यंत प्रत्येक व्यवहारापुढे केशरी रंगात 'अजून मिळाले नाहीत' असं असतं. 'प्रलंबित' हा शब्द मुद्दाम टाळला. तो वाचून माणसाला वाटतं की येतच आहेत.

आर आलं की त्या व्यवहाराची नाणी आता कोण खर्च करतंय ते नोडला विचारते, त्यासाठी गेटटीएक्सस्पेंडिंगप्रिव्हआउट अशी लांबलचक आज्ञा आहे. नवा व्यवहार सापडला की जुन्याच्या ओळीखाली लाल अक्षरात: 'पाठवणाऱ्याने बदलला', नवा क्रमांक, आणि तुमच्या पत्त्यावर आता किती येतात तो आकडा.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. भाच्याला आज बोलावलं होतं.

खऱ्या पैशांनी असा प्रयोग करायचा नव्हता, म्हणून रेगटेस्ट, म्हणजे आपल्याच मशीनवरचं खोटं जाळं. एक ब्लॉक काढला तरी शिल्लक वापरता येईना; बक्षिसाची नाणी पुढचे १०० ब्लॉक झाल्याशिवाय खर्चता येत नाहीत. १०१ ब्लॉक काढले, क्षणाचं काम.

एक वॉलेट त्याचं, एक 'गिऱ्हाइकाचं'. गिऱ्हाइकाच्या वॉलेटमधून त्याला ०.०५ पाठवले. पडद्यावर त्याचा पत्ता, बरोबर रक्कम, केशरी ओळ. "असंच दिसत होतं," तो म्हणाला. मग फी वाढवण्याची आज्ञा दिली आणि तिच्यात बाहेर जाणारा पत्ता बदलून गिऱ्हाइकाचाच टाकला. एका सेकंदात खाली लाल ओळ आली आणि 'तुमच्या पत्त्यावर: ०.००'.

तो काही बोलला नाही. जुना क्रमांक कॉपी करून त्यानं पुन्हा शोधला. नोडनं उत्तर दिलं की असा व्यवहार नाही. त्यानं मला खुर्चीवरून उठवलं आणि अख्खा प्रयोग स्वतःच्या हातानं परत केला, नंतर तिसऱ्यांदाही, या वेळी बदलण्याआधीच एक ब्लॉक काढून. त्या वेळी बदलण्याची आज्ञा नाकारली गेली.

१३ सप्टेंबर, शनिवार

बिटकॉइन कोअर २९.१ टाकलं. त्यात किमान फी मुळातच एक दशांश सातोशी केली आहे, म्हणून माझी ती ओळ काढून टाकली.

खर्च ८,३०० रुपये, एसएसडी आणि यूपीएस मिळून. तास मोजले ते साधारण सत्तर, त्यात डिस्कच्या सहा दिवसांची वाट धरलेली नाही. कोड आता ३८० ओळी.

डी अक्षर, म्हणजे जोडलेला ब्लॉक सुटणं, अजून खऱ्या जाळ्यावर माझ्यासमोर घडलेलं नाही. रेगटेस्टवर शेवटचा ब्लॉक अवैध ठरवून बघितला. व्यवहारापुढचा आकडा (त्याच्या ब्लॉकसकट किती ब्लॉक झाले तो) ३ वरून २ व्हायला हवा होता, तो ३ वरच राहिला. मी मोजणी फक्त सी आल्यावर करत होते. दुरुस्त केलं, २ झाला. भाच्यानं त्याच्या पडद्यासाठी किती ब्लॉकनंतर ओळ हिरवी व्हावी ते विचारलं होतं. रक्कम बघून ठरव म्हटलं. त्यानं सहा ठेवलेत.